चालणाऱ्या बर्फाची गोष्ट

आपल्या तापीमाईची आणि बर्फाची उभ्या जन्मात गाठ पडलेली नाही. मुलताईच्या कुंडातून ती निघते, बऱ्हाणपूर मागे टाकते, भुसावळला रेल्वेच्या पुलाखालून जाते, प्रकाशाला गोमाई नदीला सोबत घेते, उकाईच्या धरणात अंमळ विसावते आणि 724 किलोमीटरची वाट चालून सुरतेच्या पुढे डुमसजवळ दर्याला मिळते. आणि या सगळ्या वाटेवर तिच्यात जे पाणी येतं ते पावसाचं, नाहीतर पावसाचंच जमिनीत मुरून झऱ्यावाटे परत आलेलं. आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती, तेव्हा इकडे सुरतेत तिला चुंदडी वाहतात आणि उधना-लिंबायतेत राहणारी आपली खान्देशी मंडळी घाटावर जाऊन हात जोडतात, कारण गावाकडची नदीच आपल्या पाठोपाठ इथवर आली असं त्यांना वाटतं, आणि ते काही खोटं नाही. अशा नदीच्या काठी वाढलेल्या पोरांना मी जेव्हा सांगतो की याच देशात बर्फाच्याही नद्या आहेत, त्या डोंगरावरून खाली चालत येतात, आणि त्यांची चाल मोजायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथवर जात असतात, तेव्हा पोरं आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग एखादं धीट पोर विचारतं, "आबा, बर्फ चालतो, तर त्याला पाय कुठे असतात?"

प्रश्न चांगला आहे. बसा ऐसपैस, सांगतो.

हिमालयात फार उंचावर अशा जागा आहेत की तिथे थंडीत पडलेलं हिम उन्हाळ्यातही पुरतं विरघळत नाही. थोडं उरतं, त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, त्यावर त्याच्या पुढचं. ताजं हिम भुसभुशीत असतं, त्यात पाण्यापेक्षा हवाच जास्त. पण वरच्या थरांचा भार वाढत गेला की खालचे थर दबतात, कण एकमेकांत रुततात, हवा बाहेर पडते, जी पडत नाही ती बारीक बुडबुडे होऊन आतच कोंडली जाते, आणि वर्षानुवर्षांनी खाली तयार होतो तो टणक, निळसर बर्फ. निळसर का, तर दाट बर्फात शिरलेल्या उजेडातला तांबडा भाग बर्फ गिळून टाकतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो. आता गंमत बघा. हा बर्फ दगडासारखा दिसतो खरा, घण घातला तर त्याचे तुकडेही उडतात, पण त्याची जाडी तीस-चाळीस मीटरच्या वर गेली की स्वतःचं वजन त्याचं त्यालाच पेलत नाही. तळाचा बर्फ दबून हळूहळू पसरायला लागतो, आणि डोंगराला उतार असतोच, तेव्हा सगळा गोळा खालच्या अंगाला निघतो. तेव्हा बर्फाचे पाय म्हणजे त्याचं वजन. चाल म्हणाल तर दिवसाला बोटभर, वीतभर, कुठे उतार खडा असला तर हातभर. समोर उभं राहून दिवसभर टक लावली तरी हलताना दिसायचा नाही, आणि आपण वर्षानं परत गेलो तर जागचा हललेला असेल.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात कसं आलं, त्याचीही एक गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झ योझेफ हूगी नावाचा एक निसर्गाचा अभ्यासक होता. त्यानं 1827 साली उंटरआर नावाच्या हिमनदीवर, भर बर्फात, दगडांची एक झोपडी बांधली, मुक्कामाला बरी म्हणून. तीन वर्षांनी येऊन बघतो तर झोपडी शंभरेक मीटर खाली सरकलेली. पुढे लुई आगासिझ हा मोठा शास्त्रज्ञ त्याच हिमनदीवर उन्हाळेच्या उन्हाळे मुक्काम ठोकून राहिला, त्यानं हूगीच्या झोपडीचा माग काढला, आणि 1841 पर्यंत ती बांधली त्या जागेपासून सुमारे 1400 मीटर खाली आलेली होती. घरातलं माणूस एक पाऊल न टाकता घरच मुक्काम हलवतं, अशी ती जागा.

आणि जे बर्फावर ठेवलं ते खाली येतं, तसं बर्फात पडलेलंही येतं. 1820 साली माँ ब्लाँ या शिखरावर चढताना हिमाचा लोट आला आणि तिघे वाटाडे एका खोल भेगेत गाडले गेले. जेम्स फोर्ब्स नावाच्या स्कॉटलंडच्या प्राध्यापकानं हिमनद्यांचा वेग मोजला होता, त्यावरून त्यानं अंदाज बांधला की चाळीसेक वर्षांनी या माणसांचे अवशेष हिमनदीच्या पायथ्याशी बाहेर येतील. 1861 साली ते आले. त्या अपघातातून वाचलेला एक वाटाडा तेव्हा म्हातारा होऊन जिवंत होता, आणि तरुणपणी हरवलेल्या सोबत्यांचं सामान त्याला पुन्हा बघायला मिळालं. हिशेब बरोबर आला याचा आनंद मानावा की डोळे पुसावेत, हे त्या डोंगराखालच्या गावातल्या माणसांनाही कळलं नसेल.

त्याच डोंगराचं आपल्या देशाशीही एक दुःखाचं नातं आहे. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे विमान माँ ब्लाँवर आदळलं, त्यात अणुशास्त्रज्ञ होमी भाभा गेले, आणि त्यांच्याबरोबर विमानातलं कुणीच वाचलं नाही. विमानाचे तुकडे बर्फानं गिळले आणि बर्फ आपल्या चालीनं खाली निघाला. 2012 साली, म्हणजे 46 वर्षांनी, भारत सरकारच्या टपालाची एक थैली खालच्या अंगाला बर्फातून वर आली. 2020 साली भिजलेली भारतीय वर्तमानपत्रं निघाली, जानेवारी 1966 ची, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची. आणि मधल्या काळात, 2013 साली, एका गिर्यारोहकाला तिथे धातूची पेटी सापडली, तिच्यात पाचू, नीलम अशी रत्नं, आणि पुड्यांवर भारताचं नाव. सुरतेतल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पुडीतला एकेक खडा चिमट्यानं उचलून डोळ्याला भिंग लावणारी माणसं इथे वराछा-महिधरपुऱ्याच्या गल्लोगल्ली बसलेली आहेत, आणि खड्याचा माल हातात आल्यावर माणसाची परीक्षा कशी होते ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या गिर्यारोहकानं पेटी सरळ नेऊन पोलिसांना दिली. मालकाचे वारस सापडेनात, तेव्हा 2021 साली निम्मी रत्नं त्याला मिळाली आणि निम्मी डोंगराच्या पायथ्याच्या गावाला, प्रत्येकी सुमारे दीड लाख युरोंची. हिमनदी काही ठेवून घेत नाही, पण परत द्यायची वेळ मात्र तिची ती ठरवते.

आता इथे एक कोडं पडतं, आणि मोठमोठी माणसंही त्यात अडखळतात. वर्तमानपत्रात आपण वाचतो की हिमनद्या मागे हटत आहेत. अरे, पण बर्फ तर सारखा खालीच येतो आहे, तो उलटा डोंगर चढून माघारी कसा जाईल? तर देवापुढची समई बघा. वात आपण काडीनं पुढे सारतो आणि तिचं टोक जळत राहतं. जेवढी सारली तेवढीच जळली तर ज्योत आहे तिथे राहते. सारण्यापेक्षा जळणं जास्त झालं की ज्योत आत आत जायला लागते, पण वात काही उलटी चालत नाही, ती पुढेच येत असते. हिमनदीचं अगदी तसंच आहे. वरून बर्फ येतो, खालचं टोक उन्हानं आणि हवेच्या उबेनं वितळतं, आणि येणं कमी, वितळणं जास्त झालं की टोक डोंगराकडे सरकतं. त्या टोकाला हिमनदीचं मुख म्हणतात. नदीचं मुख समुद्राशी असतं, तसं हिमनदीचं मुख म्हणजे ती जिथे संपते आणि पाण्याची नदी सुरू होते ती जागा.

आपल्याकडे असं सर्वांत नामांकित मुख म्हणजे गोमुख. उत्तरकाशी जिल्ह्यात 1989 साली गंगोत्री राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे 2390 चौरस किलोमीटरचं, आणि गोमुख त्याच्या आत आहे. चारधामच्या यात्रेला सुरतेहून बसच्या बस भरून जातात, त्यातली बहुतेक मंडळी गंगोत्रीच्या देवळापाशी गंगाजळी भरून परत फिरतात. पुढे गोमुखाला जायचं तर वन खात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला दीडशेच माणसं सोडतात. वाट अठराएक किलोमीटरची. आधी चीडबासा, तिथे चीड म्हणजे पाइनच्या जातीची उंच झाडं, मग भोजबासा, जिथे भूर्जाची झाडं होती आणि अजून काही आहेत, ज्यांच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या. कड्यावर भरल नावाच्या रानमेंढ्या अशा ठिकाणी पाय रोवून उभ्या असतात की त्या तिथवर पोचल्या कशा याचा विचार करतच आपण पुढे चालतो, आणि हिमबिबट्या याच उद्यानात राहतो पण तो दिसणं भाग्याचं. गोमुख सुमारे चार हजार मीटर उंचीवर आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याचा मात्र हिरमोड होतो, कारण शुभ्र बर्फाच्या आशेनं गेलेल्या माणसाला समोर दिसतो दगडधोंड्यांचा करडा ढीग, एखादी खाण खणून टाकावी तसा. हा ढीग म्हणजेच हिमनदी. दोन्ही बाजूंचे कडे ढासळून तिच्या अंगावर पडतात, ती ते सगळं पाठीवर घेऊन चालते, आणि त्या ओझ्याखाली जुना बर्फ लपलेला असतो. त्याच्या कपारीतून भागीरथी भसाभसा बाहेर पडते, पाणी करडं-दुधट, कारण बर्फानं तळाचा खडक दळून केलेलं पीठ त्यात मिसळलेलं असतं. तिथून मागे चौखंब्याच्या अंगाला तीसेक किलोमीटर लांब हा बर्फ पसरलेला आहे, आणि वाटेत रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती अशा लहानमोठ्या हिमनद्यांनी त्याला हात दिला आहे किंवा कधी काळी दिलेला आहे.

त्या दगडांच्या पांघरुणाचीही एक खोड आहे. दगडमातीचा थर पातळ असला तर तो ऊन शोषून तापतो आणि खालचा बर्फ लवकर वितळवतो. तोच थर जाड असला तर उन्हाची धग खाली पोचूच देत नाही आणि बर्फ राखून ठेवतो. म्हणून एकाच खोऱ्यात शेजारी शेजारी असलेल्या दोन हिमनद्या वेगवेगळ्या वागतात, आणि एकीकडे बघून दुसरीबद्दल बोलणारा माणूस हमखास फसतो.

मग या वागण्याची नोंद ठेवली कुणी? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी 1906 सालीच हे काम हाती घेतलं होतं. त्या वर्षी कॉटर आणि कॉगिन ब्राऊन हे दोघे कुमाऊँच्या डोंगरात पिंडारी, मिलम अशा हिमनद्यांच्या मुखापाशी गेले, जागा मोजल्या, नकाशे केले, खुणा करून ठेवल्या, अशा बेतानं की पुढे कुणी येईल तेव्हा त्याला याच जागेवरून मोजता यावं. गोमुखाचा पहिला नेटका मोजणी-नकाशा 1935 सालचा, जॉन बिकनेल ऑडन या भूवैज्ञानिकानं काढलेला. इंग्रजीतले प्रसिद्ध कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचा हा थोरला भाऊ; एकानं शब्द जोखले आणि दुसऱ्यानं हिमालयाचे खडक. काम कसं, तर तीन पायांच्या घोडीवर एक सपाट फळी, तिच्यावर कागद, कागदावर नेम धरायची पट्टी. समोरचा सुळका, कडा, मुखाचा कोपरा, एकेकावर नेम धरायचा आणि रेघ ओढायची, मग जागा बदलून पुन्हा त्यांवरच नेम, आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे त्या वस्तूची जागा. बोटं गारठलेली, वारा कागद उडवायला टपलेला, दम लागलेला, आणि तरी रेघ सरळ यायला हवी. नंतर जे जे गोमुख मोजायला गेले त्यांनी त्या नकाशापासून सुरुवात केली.

पण मधल्या वर्षांचं काय? तिथे मदतीला आले कोण, तर हेर. अमेरिकेनं 1959 पासून 1972 पर्यंत कोरोना नावाचे टेहळणी उपग्रह वर सोडले होते, शत्रूचे विमानतळ आणि क्षेपणास्त्रांचे तळ टिपायला. तेव्हा चित्रं तारेविना खाली पाठवायची सोय नव्हती, म्हणून फिल्मचं रीळच एका डब्यात घालून आभाळातून खाली टाकत, डब्याला हवाई छत्री, आणि समुद्रावर घिरट्या घालणारं विमान तो डबा आकड्यानं अधांतरीच झेलत असे. हे ऐकून पोरं टाळ्या वाजवतात, आणि वाजवाव्यात अशीच करामत होती ती. पुढे 1995 साली ही चित्रं सर्वांना खुली झाली. त्या हेरांनी वाटेत हिमालयही टिपला होता, त्यांच्या लेखी तो फुकटचा पसारा, पण डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यातलं 1965 चं गोमुख शोधून काढलं आणि नव्या चित्रांशी ताडून पाहिलं. 1965 पासून 2006 पर्यंत मुख सुमारे 819 मीटर मागे गेलं होतं, म्हणजे वर्षाला सरासरी वीस मीटर.

आता आपल्या गुजरातेत या. अहमदाबादला इस्रोचं अंतराळ उपयोग केंद्र आहे. साबरमतीच्या काठी उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर पाघळतं, आणि तिथे बसून माणसं हिमालयाचा बर्फ मोजतात! डॉ. अनिल कुलकर्णी यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे हे काम उभं केलं. पुढे ते बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेच्या दिवेचा केंद्रात गेले आणि तिथेही बर्फाचंच काम करत राहिले. वरून बघण्यात पहिली अडचण अशी की ढगही पांढरा आणि हिमही पांढरं. पण माणसाच्या डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो, तांबड्याच्याही पलीकडचा. त्या उजेडात ढग चकाकतो आणि हिम काळं पडतं, कारण बर्फाचे कण तो उजेड गिळतात. आपल्या उपग्रहांत तो बघणारा डोळा बसवलेला आहे. दुसरी अडचण वेळेची. थंडीत सगळा डोंगरच पांढरा, पावसाळ्यात सगळं आभाळ झाकलेलं, म्हणून सप्टेंबरअखेरची वाट बघायची, जेव्हा त्या वर्षीचं हिम वितळून गेलेलं असतं, नवं पडायचं असतं आणि ढग पांगलेले असतात. त्या थोड्या दिवसांत चित्र मिळालं तर मिळालं, नाहीतर पुढचं वर्ष.

अशी चित्रं घेऊन त्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा या नद्यांच्या खोऱ्यांतल्या 466 हिमनद्या 1962 च्या सुमाराच्या नकाशांशी ताडल्या. त्यांचं सगळ्यांचं मिळून क्षेत्र 2077 चौरस किलोमीटर होतं, ते 1628 वर आलेलं दिसलं. शंभरात एकवीस भाग गेले. 2007 साली हे प्रसिद्ध झालं. त्यात आणखी एक नवलाची गोष्ट होती, ती अशी की बर्फ घटला पण हिमनद्यांची संख्या वाढली, कारण मोठ्या हिमनदीचा मधला सांधा वितळला की एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार. वाटणीत शेताचे तुकडे झाले म्हणून जमीन वाढत नाही, हे खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळतं. आणि लहान तुकडे लवकर संपतात: एक चौरस किलोमीटरहून लहान होत्या त्यांचे शंभरात अडतीस भाग गेले, दहाहून मोठ्या होत्या त्यांचे बारा.

इथे कुणी घाईनं निकाल देऊन टाकील, म्हणून अहमदाबादच्याच केंद्रातला पुढचा हिशेबही ऐका. इशमोहन बहुगुणा आणि त्यांच्या सोबत्यांनी 2001 ते 2011 या दहा वर्षांत 2018 हिमनद्यांची मुखं पाहिली, तेव्हा 1752 मुखं होती तिथेच होती, 248 मागे गेलेली आणि 18 तर चक्क पुढे आलेली. दोन्ही हिशेब खऱ्या माणसांनी प्रामाणिकपणे केलेले. काळ वेगळा, भूभाग वेगळा, आणि एकानं क्षेत्र मोजलं तर दुसऱ्यानं मुखाची जागा. मुख जागचं हललं नाही तरी अंग वाळत असू शकतं, विशेषतः जिथे टोकावर दगडांचं जाड पांघरूण आहे तिथे. म्हणून नुसतं तोंड बघून भागत नाही, जाडीही मोजावी लागते.

आणि जाडी मोजायला वर जावंच लागतं. त्याची तऱ्हा आपल्या माणसाला आवडेल अशी आहे: बर्फात वाफेच्या यंत्रानं खोल भोक पाडायचं आणि त्यात बांबू उभा पुरायचा. होय, साधा बांबू. पुढच्या सप्टेंबरात जाऊन बघायचं, किती बांबू उघडा पडला. जेवढा उघडा, तेवढा बर्फ वितळला. वरच्या अंगाला, जिथे हिम साठतं, तिथे खड्डा खणायचा आणि मागच्या उन्हाळ्याची धुळीची रेघ शोधायची. तिच्या वर जे असेल ती या वर्षाची जमा. आपल्या देशात असा वर्षाचा जमाखर्च भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं 1974 साली हिमाचलात गारा नावाच्या हिमनदीवर सुरू केला. लाहौल-स्पीतीत छोटा शिगरी ही हिमनदी आहे, तिचा जमाखर्च दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे लोक फ्रान्सच्या अभ्यासकांबरोबर 2002 पासून ठेवत आले आहेत, आणि त्या वहीत तुटीची वर्षं जास्त आहेत. एखादं वर्ष जमेचं येतं, तेव्हा तेही तितक्याच निष्ठेनं लिहून ठेवायचं असतं.

मोजल्यावाचून बोललं की काय होतं, तेही सांगतो. 2007 साली जगभरच्या शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या अहवालात वाक्य शिरलं की 2035 पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होतील. ते कुठल्याही मोजणीवर उभं नव्हतं, आणि जानेवारी 2010 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. अमेरिकेत माँटाना राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आहे, 1910 साली झालेलं, हिमनद्यांच्याच नावाचं. तिथेही पाट्या लावलेल्या होत्या की 2020 पर्यंत इथल्या हिमनद्या संपतील. 2020 आलं, हिमनद्या होत्या, पाट्या बदलल्या. पण म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. 1850 च्या सुमाराला तिथे दीडशेच्या आसपास हिमनद्या होत्या आणि 2015 च्या मोजणीत नाव घेण्याजोग्या 26 उरल्या. तिथले लोक 1997 पासून एक साधं काम करतात. शंभर वर्षांपूर्वीची जुनी छायाचित्रं घ्यायची, ज्या दगडावर उभं राहून ती काढली तो दगड शोधायचा, आणि तिथेच उभं राहून पुन्हा छायाचित्र काढायचं. दोन्ही शेजारी ठेवली की शाळेतल्या पोरालाही कळतं.

असल्या कामाला राष्ट्रीय उद्यानासारखी जागा नाही, आणि त्याला कारण आहे. जिथे रस्ता आहे, धरण आहे, गाव आहे, तिथे काही बदललं तर शंभर कारणं निघतात. उद्यानात माणसाचा हात कमीत कमी पोचतो, तेव्हा तिथला बर्फ घटला तर दोष वरच्या हवेचाच, आणि हवा काही उद्यानाची हद्द मानत नाही. ती सगळ्या जगाची मिळून तापलेली असते. कोळसा कुठे जळतो आणि बर्फ कुठे वितळतो!

"पण आबा, आपल्याला काय त्याचं, तापी तर पावसाची," असं पोरं म्हणतात, आणि इथे मी त्यांना समुद्राकडे तोंड करायला सांगतो. 2000 पासून 2019 पर्यंत जगातल्या हिमनद्यांनी, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या महाचादरी सोडून, दरवर्षी सरासरी 267 अब्ज टन बर्फ गमावला. तो शेवटी समुद्रात जातो, आणि तेवढ्यानं सगळ्या जगाचा समुद्र वर्षाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास चढतो. पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तो दरवर्षी चढतो, उतरत नाही, आणि समुद्र तापून फुगतो ते आणखी वेगळं. सुरत ही भरतीच्या तोंडावर वसलेली. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून पाणी सोडावं लागलं आणि शहराचा मोठा भाग बुडाला, ते ज्यांनी बघितलं ते अजून पाऊस वाढला की आधी भरतीची वेळ विचारतात, कारण समुद्र चढलेला असला की नदीचं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. तेव्हा गोमुखाचं पाणी गंगेतून बंगालच्या उपसागरात जात असलं तरी समुद्र सगळा एकच आहे, आणि डुमसची भरती त्यातच येते.

आणि मोजून लिहून ठेवण्याची किंमत सुरतकराला कुणी शिकवायला नको. पूर आला की इथे पहिला प्रश्न असतो, होप पुलाला पातळी किती? तो जुना पूल 1877 सालचा, पण आजही पुराची गोष्ट त्या पातळीनंच सांगतात, कारण आजोबांनी जिथे मोजलं तिथेच नातवानं मोजलं तर दोन पूर एकमेकांशी बोलतात, जागा बदलली की मुके होतात. हिमनदीचं सगळं शास्त्र याच एका गोष्टीवर उभं आहे. तिची चाल एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही, म्हणून एकानं खूण करायची, दुसऱ्यानं ती शोधायची, तिसऱ्यानं तिच्यापुढे आपली करायची.

संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे वर्ष हिमनद्या जपण्याचं म्हणून पाळलं आणि 21 मार्च हा त्यांचा दिवस ठरवला, चांगलं केलं. पण पोरांनो, तुम्हाला गोमुखाला जायची वाट बघायला नको. एखादी जागा धरा. डुमसचा किनारा धरा, गावाकडच्या नदीचा बांध धरा, शाळेमागचं तळं धरा. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्याच दगडावर उभे राहा, त्याच दिशेला तोंड करून छायाचित्र काढा, खाली जागा आणि तारीख लिहा, आणि शाळा सुटली की वही धाकट्याच्या हाती द्या. काही बदललं नसेल तर तसंही लिहा. तीही नोंदच आहे. ऑडनचा नकाशा पुढे कुणाच्या हाती जाईल आणि त्यातून काय निघेल, हे 1935 साली कुणालाच सांगता आलं नसतं. तो पुढच्यांच्या कामी आला, कारण गारठलेल्या हातांनीही त्यानं जागा नेमकी लिहिली होती आणि साल घालायला तो विसरला नव्हता.